‘ताई, इथलं मीठ गाडी खातं’ : रंग वाचवण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

कॅनडातल्या टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं नव्याने येतात आणि बर्फ पडायच्या आत घाईघाईने पहिली गाडी घेतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. गाडी आम्हाला चांगलीच मिळाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. फसवणूक झाली ती भाव ठरल्यानंतर, सह्या करायच्या केबिनमध्ये.

इथे गाडी दाखवणारा माणूस वेगळा आणि कागद करणारा वेगळा. कागद करणाऱ्याला फायनान्स मॅनेजर म्हणतात. भावाची घासाघीस संपलेली असते, आपण निवांत झालेलो असतो, मुलं कंटाळून घरी चला म्हणत असतात, आणि तेव्हा हा माणूस त्याचा माल काढतो. आमच्या नशिबी आलेला मराठी होता. आडनाव वाचलं आणि मराठीतच सुरू झाला. ‘ताई, आपली माणसं म्हणून सांगतो. तुम्ही इथला हिवाळा अजून बघितला नाहीत. इथलं मीठ गाडी खातं. तीन वर्षांत रंगाचे पोपडे निघतील.’ हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याबद्दल तो बोलत होता. मग त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून एका जुन्या पिकअपचा फोटो दाखवला. चाकांवरचा पत्रा सडून भोकं पडली होती.

फोटो खोटा नसेल. पण तो आतून, खालून सडलेल्या पत्र्याचा होता, आणि त्यावरून तो आम्हाला विकत होता वरच्या रंगाचं कोटिंग. हा फरक त्या केबिनमध्ये कोणी समजावून सांगत नाही. धडधाकट रंगाला मीठ लगेच काही करत नाही. खडी उडून जिथे टवका गेला आहे तिथे, दाराच्या खालच्या कडांत, पत्र्याच्या जोडांत आणि गाडीच्या पोटाशी ते आपलं काम करतं.

त्याने दोन गोष्टी बिलात घातल्या. एक, सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर, १,७९५ डॉलर. दुसरी, गंज रोखणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, ५९९ डॉलर. हे ‘गाडीत आधीच बसवलेलं आहे, आता काढता येत नाही’ असं त्याचं म्हणणं. यावर १३ टक्के कर. कोटिंगची किंमत त्याने एकदाही एकरकमी उच्चारली नाही. ‘दर दोन आठवड्यांनी फक्त चौदा डॉलर, ताई.’ करासकट २,०२८ डॉलर सात टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात घातले की त्याचे जवळजवळ २,५७० होतात. हप्त्यात सांगितलेली रक्कम बारकी वाटावी म्हणूनच ती हप्त्यात सांगतात.

दुपारी चारच्या सुमारास सह्या झाल्या. साडेसहाला गाडी हातात दिली, कोटिंग ‘लावून’. बाहेर ओला बर्फ पडत होता आणि आम्ही त्यातूनच ती घरी आणली.

खरं कोटिंग कसं लावतात हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावं, कारण सगळी लबाडी तिथेच पकडता येते. आधी गाडी नीट धुतात. मग रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने आणि चिकणमातीसारख्या क्लेने काढतात. गरज पडली तर पॉलिश करतात. नंतर अल्कोहोलने पुसून तेलाचा अंशही ठेवत नाहीत. मग कोरड्या, बंद जागेत एकेक भाग घेऊन कोटिंग लावतात, पुसतात आणि वाळायला किमान रात्रभर तरी आत ठेवतात. पुढचे काही दिवस धुऊ नका असंही बजावतात. अडीच तासांत हे होत नाही. फार तर बाटलीतला स्प्रे मारून फडकं फिरवता येतं.

मार्चमध्ये पांढऱ्या बॉनेटवर नारिंगी ठिपके दिसायला लागले. ह्यांना वाटलं गंज चढला. आम्ही डीलरकडे न जाता ब्रॅम्प्टनमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या पंजाबी काकांनी खिशातून सँडविचची पातळ प्लास्टिकची पिशवी काढली, हातमोज्यासारखी हातात घातली आणि बॉनेटवरून हळूच हात फिरवला. मग पिशवी माझ्या हातात दिली. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून कोरड्या भाकरीच्या पाठीसारखा खरखरीत लागत होता. त्यांनी वर एक द्रव फवारला. दोनेक मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळे ओघळ सुटले. ते लोखंडाचे कण होते, ब्रेकमधून उडालेले आणि नव्या गाड्या मालगाडीने येतात तेव्हा रुळांवरून बसलेले. पत्रा गंजला नव्हता.

सगळं धुऊन काढल्यावर त्यांनी पाण्याचा पाइप सोडला. कोटिंग नुसतं मळलेलं असेल तर अशा धुण्यानंतर पाण्याचे थेंब पुन्हा गोल होऊन घरंगळतात. आमच्या बॉनेटवर पाणी सपाट पसरलं. दार उघडून आतल्या कडेवर, जिथे कोटिंग सहसा लावत नाहीत, तिथे पाणी टाकलं. तेही तसंच पसरलं. काका म्हणाले, ‘इस पे कुछ लगा ही नहीं है, बहनजी.’ माझा संताप झाला. रकमेचा राग होताच. पण परक्या देशात कोणी आपल्या भाषेत ‘ताई’ म्हणतं तेव्हा माणूस आधार शोधत असतो, आणि त्याने नेमकं तिथेच हात घातला होता. हे मी अजून विसरलेले नाही.

घरी येऊन वॉरंटीची पुस्तिका ओळ न् ओळ वाचली. बारीक अक्षरात दगडाचे टवके वगळलेले, ओरखडे वगळलेले, औद्योगिक कण वगळलेले, आणि ज्याच्या भीतीने हे विकलं ते रस्त्यावरचं मीठसुद्धा वगळलेलं! शिवाय दरवर्षी ठरावीक मुदतीत त्यांच्याकडेच तपासणी केली नाही तर सगळी हमी रद्द. तसंही सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. उडून आलेल्या खडीपुढे एक-दोन मायक्रॉन काय टिकणार? प्रामाणिकपणे लावलेल्या कोटिंगने मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं, चकाकी राहते. त्यापलीकडचं आश्वासन कोणी देत असेल तर ते खोटं.

यंत्राची गोष्ट तर याहून वाईट. विजेचा प्रवाह देऊन गंज रोखण्याचं तंत्र खरं आहे. जहाजांच्या तळांना, जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनींना ते वापरतात. पण तिथे धातूच्या सगळ्या बाजूंना समुद्राचं पाणी किंवा ओली माती असते आणि प्रवाहाचं वर्तुळ तिच्यातून पूर्ण होतं. गाडीभोवती असते हवा. बॅटरीला जोडलेली एक डबी हवेतून सगळ्या पत्र्याचं रक्षण कसं करणार? ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, फेडरल ट्रेड कमिशनने, १९९० च्या दशकातच अशा यंत्राच्या दाव्यांवर कारवाई केली होती. तरी डब्या अजून विकल्या जातात.

मिठापासून गाडी वाचवायला काय लागतं ते काकांनी सांगितलं, आणि ते फार स्वस्त आहे. पोटाला, दारांच्या आत आणि जोडांत दर शरद ऋतूत गंजरोधक तेल फवारून घ्यायचं. त्याला दीडशे-दोनशे डॉलर पडतात. ऑक्टोबरमध्ये ऊन असेल त्या दिवशी गाडी स्वच्छ धुऊन वर चांगलं सीलंट, म्हणजे रंगाचं रक्षण करणारं मेणासारखं लेपण, हाताने लावायचं. हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास चढेल तो दिवस धुण्यासाठी पकडायचा, कारण मीठही तेव्हाच जोर धरतं. उणे पंधरात ते जवळपास निपचित असतं. म्हणूनच मीठ लागलेली गाडी रोज उबदार गॅरेजमध्ये नेऊन ठेवणं बाहेर उभी करण्यापेक्षा वाईट. फिरत्या ब्रशच्या वॉशमध्ये जायचं नाही. आधीच्या गाड्यांची वाळू त्या ब्रशांत अडकलेली असते, ती आपल्या रंगावर रेघा ओढते. ब्रश न लावणारा, नुसत्या दाबाच्या पाण्याचा वॉश निवडायचा आणि पोटाखालचा फवारा घेतल्याशिवाय निघायचं नाही. चाकांवरच्या कमानींत साठलेला चिखल-बर्फ हाताने पाडायचा. मग दारांची रबरं पुसून त्यावर सिलिकॉन फिरवायचं, नाहीतर सकाळी दारं गोठून बसतात. वाळलेल्या मिठावर कोरडं फडकं तर कधीच नाही. छतावरचा बर्फ झाडायला फोमचा ब्रश घ्यावा आणि काचेची खरवडणी काचेपुरतीच ठेवावी.

आता पैशांचं. ओंटारियोत डीलरकडून घेतलेली गाडी मन बदललं म्हणून परत करता येत नाही, तशी मुदत कायद्यात नाही. पण दोन गोष्टी आमच्या बाजूने होत्या. जाहिरातीत दाखवलेल्या किमतीत कर आणि लायसन्सिंग (गाडीची नोंदणी, नंबरप्लेट) सोडून सगळं आलं पाहिजे असा इथे नियम आहे. गाडीत आधीच बसवलेल्या वस्तूचे पैसे वरून वेगळे लावता येत नाहीत. ह्यांनी त्या गाडीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवला होता. तो पाठवून, ओंटारियो मोटर व्हेइकल इंडस्ट्री कौन्सिलकडे, म्हणजे गाड्यांच्या डीलरांवर देखरेख करणाऱ्या, सगळे जिला ओमविक म्हणतात त्या संस्थेकडे, तक्रार करतो आहोत असं लिहिलं. ‘काढता येत नाही’ म्हटलेल्या त्या यंत्राचे ५९९ डॉलर करासकट कर्जाच्या खात्यात परत आले.

कोटिंगचा वाद अजून चालू आहे. त्यांनी ‘पुन्हा लावून देतो’ म्हटलं, आम्ही नाही म्हटलं. खोटी माहिती देऊन केलेला करार वर्षाच्या आत लेखी नोटीस देऊन रद्द करण्याची सोय इथल्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, आणि आमची नोटीस मुदतीत गेली आहे. वर्कशॉपचा लेखी अहवाल आणि पाणी पसरतानाचा व्हिडिओ सोबत जोडला. नोटिशीत एवढंच विचारलं आहे की कोटिंग कोणत्या कंपनीचं होतं, ते कोणी लावलं, किती वाजता सुरू करून किती वाजता संपवलं, आणि त्या कामाची नोंद कुठे आहे. फोनवर बोलायला ते आता तयार आहेत. लेखी उत्तर मात्र अजून आलेलं नाही, आणि त्याशिवाय आम्ही बोलणार नाही. कोणाला अशीच नोटीस लिहायची असेल तर मी मसुदा देईन, मराठीत समजावूनही सांगेन.