६९० ची सळई: ताकद भरपूर, पण भेगांचा हिशेब आधी करा

आमच्या टेस्टिंग हॉलमध्ये नेहमीची ४२० मेगापास्कलची सळई (हा आकडा यील्डचा, म्हणजे ज्या ताणाला सळई कायमची लांबायला लागते त्याचा) आणि एएसटीएम ए१०३५ या अमेरिकन मानकातली ६९० ची, दोन्ही घालून तुळया ओतल्या आणि मोडेपर्यंत लोड दिला. ही सळई घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी हा अभिप्राय.

ताकदीबद्दल तक्रार नाही. तेवढ्याच मोमेंटला (तुळई वाकवणाऱ्या जोराला) लोखंड साधारण ४० टक्के कमी लागतं. जोडावरची गर्दी कमी झाली की व्हायब्रेटरची सुई खालपर्यंत जाते, आणि ज्यांनी मधमाशीच्या पोळ्यासारखं काँक्रीट फोडून काढलंय त्यांना याची किंमत कळेल. शिवाय क्रोमियममुळे साध्या काळ्या सळईपेक्षा गंज उशिरा धरते. वाकवायला मात्र चिवट. बारबेंडर वैतागतो आणि वाकवलेला हूक थोडा परत उघडतो.

आता भेगा. तुळईच्या बाजूला मी चुन्याचा पातळ हात मारते, म्हणजे केसाएवढी भेगसुद्धा काळी रेघ होऊन दिसते. पहिली भेग दोन्ही तुळयांत जवळपास सारख्याच लोडला आली. त्यात नवल नाही, तिथे काँक्रीटची ताणातली ताकद बोलते, सळईची नाही. बऱ्याच भेगा नेमक्या रिंगेच्या (मुख्य सळयांभोवतीच्या वेढ्याच्या) जागी उठतात. प्रत्येक भेगेच्या टोकाशी स्केचपेनने लोड लिहायचा आणि सळईच्या पातळीवर मायक्रोस्कोप टेकवायचा. ०.०२ मिमीचे भाग असतात त्यावर, डोळा ताणावा लागतो. वापरातल्या लोडला ६९० वाल्या तुळईतल्या भेगा कमी, एकमेकींपासून लांब, आणि स्पष्ट जास्त रुंद.

कारण सरळ आहे. ग्रेड कुठलाही असो, स्टीलचा मॉड्युलस (लांबण्याला होणारा विरोध) २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. वापरात सळईवर यील्डच्या दोन तृतीयांश ताण धरला तर ४२० मध्ये २८०, ६९० मध्ये ४६०. म्हणजे स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात सळई किती लांबते) ०.००१४ वरून ०.००२३. त्यात लोखंड कमी केल्यामुळे भेगांमधलं अंतरही वाढतं. एकीकडून सळई जास्त ताणली जाते, दुसरीकडून तो ताण वाटून घ्यायला भेगा कमी. तुळई जास्त झुकते तीही यामुळेच. लोड उतरवला की भेगा बऱ्याचशा मिटतात, सळई अजून इलॅस्टिक असते, पण वापरातल्या इमारतीचा लोड कोण उतरवणार?

एसीआय ३१८ हा अमेरिकन काँक्रीट कोड भेगेची रुंदी विचारत नाही, सळयांमधलं अंतर विचारतो. ४० मिमी कव्हरला (सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराला) ४२० साठी २८० मिमीपर्यंत चालतं, ६९० साठी फक्त १३१. ३०० मिमी रुंद तुळईत २५ मिमी जाडीच्या दोन सळया टाकल्या तर मध्यापासून मध्यापर्यंत १९५ मिमी येतात. म्हणजे ४२० मध्ये पास, ६९० मध्ये नापास. त्याऐवजी १६ च्या पाच टाका. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, अंतर ५१ मिमी, आणि काँक्रीटला धरणारा परीघ दीडपटीहून जास्त. भेगा बारीक होतात आणि संख्येने वाढतात, जे आपल्याला हवंच असतं. लोखंड वाचतंय म्हणून जाड डायाच्या मोजक्या सळया टाकायचा मोह होतो. या मालात तो टाळा.

पाण्याच्या टाकीसाठी मी ही सळई सुचवणार नाही. भेगा ०.२ मिमीच्या आत ठेवायच्या तर ताणच इतका खाली आणावा लागतो की ६९० चे पैसे वाया. जाड फाउंडेशन, खांब, गर्दीचे जोड, इथे बिनधास्त घ्या.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण बारबेंडरच्या शिव्यांचा कापला, बाकी भेगा आणि तुळईच्या झुकण्याचा. आणि रिंगांसाठी मागवत असाल तर थांबा. कातरबलाच्या तिरक्या भेगा आवरायच्या म्हणून एसीआय ३१८ ची २०१९ ची आवृत्ती सळई वाकवून केलेल्या रिंगांना ४२० च्या वर हिशेबात धरतच नाही. तिथे ४२० चीच घ्या.