जुनी स्टीरिओ जोडी न विकता ५.१ केलं, वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आठ वर्षं माझ्याकडे एक बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि एक स्टीरिओ ॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, एवढंच होतं, आणि गाणी ऐकायला याहून जास्त काही लागतं असं मला अजूनही वाटत नाही. भानगड सुरू झाली ती टीव्हीचा आवाज त्याच जोडीवर घेतल्यावर. बाबांची खुर्ची डाव्या स्पीकरच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे त्यांना पिक्चरमधलं सगळं बोलणं डावीकडूनच यायचं आणि तेही अर्धंच कळायचं, मग ते आवाज वाढवा म्हणायचे, आम्ही वाढवायचो आणि पुढच्याच मारामारीला सगळं घर दणाणायचं.

हे का होतं ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच घेतलेत. दोन्ही स्पीकरमधून एकसारखा आवाज आला की कानाला तो मधोमध आल्यासारखा वाटतो, पण तुम्ही बरोबर मध्ये बसला असाल तरच. जरा एका बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि कान जो आधी आला त्याच्याकडेच ओढला जातो. म्हणजे स्टीरिओत मधली जागा एकाच माणसाची असते, बाकीच्यांनी ॲडजस्ट करायचं.

मला बऱ्याच जणांनी सांगितलं की जोडी विकून टाक आणि एक तयार सेट नाहीतर साउंडबार घे. मी ऐकलं नाही आणि बरं झालं ऐकलं नाही, कारण ५.१ म्हणजे पुढे डावा, उजवा आणि मधला (सेंटर), मागे दोन, आणि जड बेससाठी एक सबवूफर, त्यातले पुढचे दोन म्हणजे डावा-उजवाच असतात, ते आपल्याकडे चांगले असतील तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. बाकीचं हळूहळू जोडता येतं.

पहिला घेतला रिसीव्हर, म्हणजे एव्हीआर, टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटणारा डबा. इथे एकच गोष्ट बघून घ्या, पुढच्या चॅनलना प्रीआउट आहेत का. ते असले की डाव्या-उजव्याचा सिग्नल रिसीव्हरमधून आपल्या जुन्या स्टीरिओ ॲम्पला देता येतो आणि जोडी जुन्या ॲम्पवरच राहते. माझ्या ॲम्पला होम थिएटर बायपास आहे, म्हणजे त्या इनपुटवर ॲम्पचं व्हॉल्यूम बटण मधे येत नाही, आवाज कमीजास्त फक्त रिसीव्हर करतो. गाणी ऐकायची असली की रिसीव्हर बंद, ॲम्प चालू, सगळं पूर्वीसारखं. हे मला सगळ्यात जास्त आवडलं, मनापासून सांगतो. बायपास नसेल तर ॲम्पचं बटण एका खुणेवर ठेवायचं आणि कॅलिब्रेशनपासून, म्हणजे रिसीव्हर माईकने सगळे स्पीकर मोजून जुळवतो तेव्हापासून, पुढे पिक्चर बघताना कायम त्याच खुणेवर आणायचं, चालतं, पण लक्षात ठेवावं लागतं. दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. एकाच स्पीकरला दोन ॲम्पच्या वायरी एकदम जोडू नका, आणि बायपासच्या इनपुटला फोन किंवा सीडी प्लेअर थेट लावू नका, आवाज पूर्ण सुटतो आणि ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग, जातो.

वॅटच्या आकड्यांमागे फार धावू नका. बॉक्सवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा दोनच चॅनल चालवून मोजलेला असतो, पाचही एकदम चालले की तो खाली येतो. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तो जेमतेम जाणवतो. माझी पुढची जोडी बाहेरच्या ॲम्पवर असल्यामुळे रिसीव्हरला तीनच स्पीकर ओढायचेत, मधल्या श्रेणीचा मॉडेल भरपूर झाला.

रिसीव्हर लावला आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या, कारण काहीही लावलं तरी डिस्प्लेवर स्टीरिओच दिसायचं. दोष टीव्हीच्या सेटिंगचा होता, ऑडिओ आउटपुट पीसीएमवर होतं, म्हणजे टीव्ही आवाज स्वतःच उलगडून दोनच चॅनल पुढे पाठवत होता. ते बदलून बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू, जे काही तुमच्या टीव्हीत लिहिलं असेल ते करा. ऑप्टिकल केबलनेही डॉल्बी डिजिटल ५.१ येतं, एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरला परत द्यायची सोय) तर येतंच, फक्त ब्लूरेवरचे लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेले फॉरमॅट टीव्हीतून फिरवून आणायचे असतील तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती लागते. माझा प्लेअर थेट रिसीव्हरलाच जोडलाय त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

मग सबवूफर. पुढची जोडी रिसीव्हरमध्ये 'स्मॉल' केली आणि क्रॉसओव्हर, म्हणजे जिथून खालचे सूर सबकडे वळतात ती सीमा, ८० हर्ट्झला. स्मॉल म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, आपले स्पीकर काही छोटे नाहीत म्हणतात, पण त्याचा अर्थ एवढाच की खालचा जड बेस सबकडे जाईल आणि स्पीकरचा वूफर (त्यातला जड सुरांचा भाग) मोकळा राहील. खरंच फरक पडतो, त्याच जोडीतून मोठ्या आवाजातही बोलणं स्वच्छ यायला लागलं. सबच्या मागे जे क्रॉसओव्हरचं बटण असतं ते सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा किंवा एलएफईवर, म्हणजे सब स्वतः काही कापणार नाही अशा खुणेवर, नाहीतर रिसीव्हर एकदा कापतो आणि सब पुन्हा कापतो.

सब आधी कोपऱ्यात ठेवला होता, नुसता घुमायचा, एकच सूर धरून बसल्यासारखा. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरच्या आसपास लांब असते म्हणजे साधारण खोलीएवढीच, त्यामुळे भिंतींवर आपटून कुठे बेस दुप्पट होतो तर कुठे पार गायब. उपाय जुनाच आहे, सब आपण बसतो त्या जागी सोफ्यावर ठेवायचा, बेस असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण जमिनीवर गुडघ्यांवर फिरत जिथे बेस सारखा आणि नेटका ऐकू येतो ती जागा शोधायची, सब तिथे ठेवायचा. माझा शेवटी पुढच्या भिंतीच्या मधल्या भागात आला, जिथे मी स्वतःहून कधीच ठेवला नसता.

आता सेंटर, आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. पिक्चरमधलं बहुतेक बोलणं सेंटरमधून येतं, म्हणून मी मोठाच घेऊ म्हणून दुसऱ्या कंपनीचा भलामोठा सेंटर आणला, दुकानात मस्त वाटला. घरी लावल्यावर कळलं की माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे बोलत चालत गेला की मध्ये त्याचा आवाजच बदलतो, बाजूला असताना मऊ, मध्ये आला की चरचरीत, पुन्हा बाजूला मऊ. माझ्या जोडीचा ट्वीटर कापडी डोमचा आणि त्या सेंटरचा धातूचा, स्वभावच वेगळे. ऑटो कॅलिब्रेशन तीनदा केलं, थोडं जवळ आलं पण एक झालं नाही. शेवटी परत दिला आणि माझ्या जोडीच्याच सिरीजमधला सेंटर शोधला, ती सिरीज बंद झालेली म्हणून सेकंडहँड मिळेपर्यंत तीन महिने थांबलो. आकाराने छोटा आहे आधीच्यापेक्षा. पण लावल्या दिवशी जे ऐकलं ते, काय सांगू, पुढची सगळी भिंत एकसंध झाली, स्पीकर कुठला संपतो आणि कुठला सुरू होतो तेच कळेना. तेव्हा सेंटर घेताना आधी ट्वीटर आणि सिरीज बघा, आकार नंतर.

त्या तीन महिन्यांत मी सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' असं करून ठेवलं होतं, रिसीव्हर मग ते चॅनल डाव्या-उजव्यात वाटून देतो. एकटे ऐकत असाल, मध्ये बसत असाल, तर ते अगदी छान चालतं. जुळत नसलेल्या सेंटरपेक्षा सेंटर नसलेलं बरं, हे मी दोन्ही करून सांगतोय.

ठेवण्याबद्दल एक. सेंटर टीव्हीखालच्या फळीवर असेल तर अगदी कडेपर्यंत पुढे ओढा, मागे राहिला की फळीवरून आवाज उडतो आणि बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. आणि पुढून थोडा वर उचला, ट्वीटर कानांकडे बघेल असा, मी रबराचे दोन तुकडे लावलेत. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर शेजारीशेजारी असतात, त्यामुळे फार बाजूला बसलं की मधल्या काही सुरांची आपसात काटाकाटी होते, बाबांच्या खुर्चीत ती जरा जाणवते, तरीपण आता बोलणं पडद्यातून येतं आणि शब्द कळतात. आवाज वाढवा हे वाक्य घरात ऐकून बरेच महिने झाले.

मागचे दोन शेवटी घेतले आणि त्यांच्यावर कमी खर्च केला, त्यात काही बिघडलं नाही. त्याच कंपनीचे छोटे स्पीकर, कानापेक्षा थोडे वर, समोर बघत बसलं की सरळ पुढच्या दिशेपासून दोन्हीकडे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरा मागे. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तो थोडा तरी पुढे घ्या. वायर टाकणं हे सगळ्यात किचकट काम, दार, कोपरा, कपाट सगळं वळसा घालून, आणि त्या गडबडीत माझ्याकडून एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलं. दोन दिवस मागचा आवाज पोकळ, डोक्यात शिरल्यासारखा वाटत होता. वायरवर एका बाजूला रेघ असते, ती दोन्ही टोकांना बघून लावा. वायरलेस मागचे घेतले तरी प्रत्येकाला वीज लागतेच, म्हणजे वायर पूर्ण सुटत नाही.

मागचे लावल्यावर घरातले म्हणाले हे तर वाजतच नाहीत. ते बरोबर आहे, निम्म्या वेळा मागे फारसं काही नसतंच, पाऊस, गर्दी, खोलीची घुमी एवढंच. वाढवून ठेवायचा मोह होतो, करू नका. ते बंद केल्यावर काय हरवलं ते कळतं, चालू असताना कळलं नाही तर समजा बरोबर लागलेत.

कॅलिब्रेशनला ऑडिसी असो, डिरॅक असो, यामाहाचं वायपीएओ की पायोनियरचं एमसीएसीसी, माईक नीट धरणं जास्त महत्त्वाचं. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नाही, आणि पंखा बंद. झाल्यावर आकडे बघा. माझ्या रिसीव्हरने पुढची जोडी परत 'लार्ज' केली होती, ती हाताने स्मॉल केली. सबचं अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर तसंच राहू द्या, सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो आणि तो उशीर अंतर म्हणून धरला जातो. बाकी स्पीकरची अंतरं टेपने ताडून घ्या, १ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ ३ मिलिसेकंद, तेवढ्याने पण आवाज एका बाजूला ओढला जातो.

गाण्यांसाठी डॉल्बी सराउंड अपमिक्सर आणि डीटीएस न्यूरल एक्स, म्हणजे दोन चॅनलची गाणी सगळ्या स्पीकरवर पसरवणारी रिसीव्हरमधली सोय, दोन्ही करून बघितले. लाइव्ह कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगला मजा येते, टाळ्या मागून येतात, पण गाणारा माणूस दोनच स्पीकरवर मला जास्त खरा वाटतो. गंमत म्हणजे मागून आवाज काढायची युक्ती १९७० च्या आसपासच अमेरिकन ऑडिओ इंजिनिअर डेव्हिड हाफलर यांनी दाखवली होती, डाव्या आणि उजव्या चॅनलच्या प्लस टोकांमध्ये मागचा स्पीकर जोडायचा, म्हणजे त्यात दोन्हींमधला फरकच तेवढा वाजतो. आजच्या कित्येक ॲम्पना ती जोडणी झेपत नाही, त्यामुळे घरी करून बघू नका.

एक कमतरता उरलीये. रिसीव्हर बंद ठेवून गाणी ऐकतो तेव्हा सब वाजत नाही, ते मला चालतं. पण पिक्चरच्या वेळी बाबांच्या खुर्चीत ५० हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे, सोफ्यावर ढगांचा गडगडाट पोटात जाणवतो आणि त्यांच्याकडे नुसता ऐकू येतो. सब इकडेतिकडे हलवून बघितला, खड्डा फक्त जागा बदलतो. दोन सब समोरासमोरच्या भिंतींना मधोमध ठेवले की सगळ्या जागांवर बेस बराच सारखा होतो, त्यामुळे आता दुसरा सब, तोही पहिल्याच मॉडेलचा. छतावरच्या स्पीकरचं नंतर बघू, आधी ती खुर्ची.