उंबरठ्यावरचा काळा डाग: बाथरूम आणि लाकडी जमीन स्वतः दुरुस्त करताना वापरलेल्या साहित्याचे परीक्षण

बाथरूमच्या दाराशी, लाकडी जमिनीच्या शेवटच्या तीन फळ्यांवर, तळहाताएवढा काळा डाग कित्येक वर्षे होता. त्यावर पायपुसणे टाकले की तो झाकला जाई, म्हणून कुणी तो मनावर घेतला नव्हता. जुने बाथरूम नव्याने करायचे आणि ओक लाकडाची जमीन घासून तिला पुन्हा पॉलिश द्यायचे, असे मी आणि माझ्या धाकट्या भावाने ठरवले, तेव्हा ही दोन वेगळी कामे आहेत असेच आम्ही धरून चाललो होतो. दाराची पट्टी काढून त्या फळ्यांची खालची बाजू पाहिली आणि ती बोटाला ओलसर लागली, तेव्हा लक्षात आले की डाग लाकडावर असला तरी दोष बाथरूमचा आहे. त्यामुळे जमिनीला हात लावण्याआधी बाथरूम पूर्ण करायचे, हा क्रम आपोआप ठरला.

या कामात वापरलेल्या चार गोष्टींविषयी येथे लिहीत आहे: पातळ जलरोधक लेप, एपॉक्सी ग्राउट (टाइल्समधील सांधे भरण्याचे राळेचे मिश्रण), भाड्याने आणलेले जमीन घासण्याचे यंत्र आणि पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन (लाकडावर देण्याचे पारदर्शक पॉलिश). या चारही गोष्टी कारागिराच्या हातात उत्तमच चालतील. मी त्यांची पारख वेगळ्या कसोटीवर केली आहे. पहिल्यांदाच काम करणाऱ्या माणसाची चूक ती वस्तू किती सांभाळून घेते आणि चूक झाल्याचे वेळेवर कळते का, हे मला महत्त्वाचे वाटते.

बाथरूमच्या जुन्या टाइल्सवर टिचकी मारत गेलो तेव्हा शॉवरखालच्या निम्म्याहून अधिक टाइल्सचा आवाज पोकळ येत होता. छिन्नीने त्या काढल्यावर खाली जलरोधक थर मुळीच नव्हता, आणि कोब्याचा ढाळ निचऱ्याच्या जाळीऐवजी दाराकडे होता. टाइल आणि सिमेंटचे ग्राउट पाणी अडवतात असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. ग्राउटमधून पाणी थोडेथोडे झिरपतच राहते, आणि ते अडवण्याचे काम टाइलखालच्या थराचे असते. तो थर नसेल तर वरून बाथरूम कितीही चकचकीत दिसले तरी पाणी आपली वाट शोधतेच. आमच्या घरी त्याला उंबरठा सापडला होता. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते: घर बरेच जुने असेल तर रंगात शिसे आणि जुन्या व्हिनाइल फरशीत किंवा तिच्याखालच्या काळ्या चिकटद्रव्यात अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तोडफोड आणि घासकाम सुरू करण्यापूर्वी नमुन्याची तपासणी करून घ्यावी.

ढाळ नव्याने, मीटरमागे सुमारे २ सेंमी, दिला आणि कोबा नीट वाळू दिल्यावर जलरोधक लेप लावला. लेप दह्यासारखा घट्ट असतो आणि ब्रशने किंवा रोलरने लावता येतो. कोपऱ्यांत, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यांत आणि निचऱ्याभोवती आधी लेप, त्यावर कापडी पट्टी आणि तिच्यावर पुन्हा लेप असा क्रम असतो. मग सगळीकडे दोन हात द्यायचे, आणि दुसरा हात पहिल्याला आडवा द्यायचा, म्हणजे ब्रशच्या रेघांमध्ये राहिलेली बारीक छिद्रे बुजतात. शॉवरच्या भिंतींवर आम्ही तो शॉवरच्या तोंडाच्याही वर नेला आणि बाकीच्या भिंतींवर जमिनीपासून १५ सेंमीपर्यंत. आम्ही घेतलेल्या लेपाचा रंग वाळताना फिकट गुलाबीचा गडद लाल होतो, त्यामुळे कुठला भाग अजून ओला आहे हे विचारावे लागत नाही. नवख्यासाठी ही सोय फार मोलाची आहे, आणि मी तरी हा गुण पाहूनच लेप निवडावा असे म्हणेन.

या लेपाचे खरे मोल मात्र पाण्याच्या चाचणीत कळले. निचऱ्याचे तोंड बंद करून, दाराशी तात्पुरता बांध घालून, जमिनीवर पाणी साठवायचे आणि २४ तास पातळी पाहायची. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारीच एका पसरट घमेल्यात पाणी ठेवून त्याच्याही कडेवर खूण केली, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने किती पाणी कमी होते ते वेगळे कळते. दुसऱ्या दिवशी घमेल्यातील पाणी खुणेच्या किंचित खाली होते, पण बाथरूममधील पाणी बोटाच्या एका पेरभर उतरले होते. भाऊ गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, हे टाइल लावल्यावर कळलं असतं तर?" पाणी उपसल्यावर दिसले की निचऱ्याच्या कडेला कापडी पट्टीला सुरकुती पडली होती आणि तिच्याखाली लेप पोचलाच नव्हता. तेवढा भाग कापून, नवी पट्टी बसवून, पुन्हा दोन हात दिले. दुसऱ्या चाचणीत दोन्ही खुणा बरोबरीने राहिल्या. चूक आमची होती. लेपाने ती दाखवली आणि एका संध्याकाळच्या कामात सुधारूही दिली. चारही वस्तूंमध्ये मी याला सर्वांत वर ठेवते.

टाइल्स बसवण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दातेरी थापीने चिकटद्रव्य एकाच दिशेने ओढावे, गोल गोल फिरवू नये, कारण गोल ओढलेल्या वळ्यांत हवा कोंडते. अधूनमधून नुकतीच बसवलेली टाइल उचलून तिची पाठ पाहावी. ओल्या जागी पाठीचा किमान ९५ टक्के भाग चिकटद्रव्याने भरलेला असावा, असा या व्यवसायातील मान्य दंडक आहे. आमची पहिली टाइल उचलली तेव्हा मधोमध कोरडी जागा निघाली, आणि त्यानंतर प्रत्येक टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्यायला सुरुवात केली.

एपॉक्सी ग्राउटविषयी माझे मत संमिश्र आहे. राळ, हार्डनर आणि बारीक वाळूसारखी भुकटी एकत्र केली की रासायनिक क्रिया सुरू होते आणि घड्याळ चालू लागते. सगळे मिश्रण बादलीतच ठेवले तर ते आपल्याच उष्णतेने लवकर घट्ट होते. पसरट पत्र्यावर पातळ थापून ठेवले तर थोडा अधिक वेळ मिळतो. हे आम्हाला पहिली खेप वाया गेल्यावर कळले, कारण डब्यावरील सूचना इतक्या बारीक अक्षरांत होत्या की त्या वाचायच्या राहूनच गेल्या. भरलेले सांधे उत्तम झाले आहेत यात शंका नाही. त्यांवर डाग पडत नाही, वरून सीलर (पाणी आणि डाग रोखणारा द्रव) लावावे लागत नाही आणि साबणाचा थर सहज निघतो. पण टाइलवर राहिलेला धुरकट थर वेळीच ओल्या स्पंजाने पुसला नाही तर नंतर नखाने खरवडूनही निघत नाही, आणि आमच्या खिडकीखालच्या चार टाइल्स आजही तिरप्या उजेडात अंधुक दिसतात. एका वेळी लहान भाग आणि सोबत केवळ पुसण्यासाठी दुसरा माणूस, अशी तयारी असेल तरच हे ग्राउट घ्यावे. हातमोजे न घालता त्याला हात लावू नये, कारण कच्च्या एपॉक्सीने त्वचेला त्रास होतो. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यांत मात्र कुठलेच ग्राउट भरू नये. तेथे दोन्ही बाजू थोड्या हलतात, म्हणून सिलिकॉनच हवे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवराला आणि काही धातूंना अपाय करते, त्यामुळे आम्ही न्यूट्रल प्रकार घेतला.

बाथरूम उरकल्यावर फळ्या सुकण्यासाठी काही आठवडे जाऊ दिले. ओल्या लाकडावर केलेले पॉलिश टिकत नाही आणि ओलीने कडा वर आलेली फळी घासून सपाट केली तर ती सुकल्यावर मध्ये उंच होते. या मधल्या काळात दाराच्या पट्टीखालून फळीची कड दिसत होती, त्यामुळे जाडी मोजता आली. १९ मिमी जाडीच्या सलग लाकडात, फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खोबणीच्या वर, साधारण ६ मिमी लाकूड घासायला उपलब्ध असते. वरवर तशीच दिसणारी, पण प्लायवर पातळ पापुद्रा चिकटवलेली जमीन असेल तर ती एकदाही घासता येईलच असे नाही.

भाड्याच्या यंत्रांत दोन प्रकार मिळतात. एकात घासायचा पेपर (सँडपेपर) गुंडाळलेला ड्रम फिरतो, दुसऱ्यात खाली लहान चकत्या गरगरतात आणि त्याच वेळी थरथरतातही. दुकानदाराने ड्रमच्या यंत्राची शिफारस केली, काम निम्म्या वेळात होईल असे सांगितले, आणि ते खरेही असावे. आम्ही ते कपाटाखालच्या जागेवर चालवून पाहिले. ड्रम चालत्या पावलानेच खाली टेकवायचा आणि थांबण्याआधी उचलायचा असतो. मी भिंतीपाशी पोचल्यावर श्वासभर थांबले, तेवढ्यात फळीच्या आडवी एक खाच पडली. सरळ पाहिले तर ती दिसत नव्हती. विजेरी जमिनीलगत आडवी धरली तेव्हा बशीच्या काठासारखी सावली उठली. ती काढायला पुढे अर्धा दिवस गेला. यंत्रात दोष नव्हता, पण एका श्वासाची चूक ते लाकडात कोरून ठेवते, आणि म्हणूनच पहिल्यांदा घासणाऱ्याने ते घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन.

चकत्यांचे यंत्र बदलून आणले. ते संथ आहे, जुन्या वार्निशने त्याचे पेपर लवकर भरतात आणि पेपरांचा खर्च यंत्राच्या भाड्याच्या जवळपास जातो, ही तक्रार रास्त आहे. पण ते मध्येच थांबले तरी खड्डा पडत नाही. आम्ही ४० नंबरच्या जाड पेपरने सुरुवात केली, मग क्रमाने बारीक होत जाणारे ६०, ८० आणि शेवटी १००. मधला नंबर गाळला तर जाड पेपरचे ओरखडे बारीक पेपरने निघत नाहीत आणि पॉलिशखाली ठसठशीत उठतात. प्रत्येक नंबरआधी जमिनीवर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढल्या. रेघ जिथे उरली तिथे यंत्र पोचले नाही, असा साधा हिशेब. सगळे खिळे आधी ठोकून पृष्ठभागाखाली घातले होते, कारण वर आलेला एक खिळा पेपरची चिंधी करतो. कोपरे मात्र हाताने, धारदार खरवडणीने केले, आणि तेथील काम मला यंत्राच्या कामाहून अधिक आवडते.

आता तो डाग. ४० नंबरने घासूनही तो खोलवर राहिला, कारण तो मळाचा थर नव्हता. ओकमध्ये टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते. लोखंडी खिळा आणि पाणी यांच्याशी त्याचा संयोग झाला की लाकूड आतून काळे पडते. त्यावर ऑक्झॅलिक आम्ल उपयोगी पडते. गरम पाण्यात विरघळवून ते तिन्ही फळ्यांवर पूर्ण लांबीभर लावले, केवळ डागावर लावले असते तर फिकट ठिपका उठला असता. पहिल्या खेपेला काळा रंग राखाडी झाला, दुसऱ्या खेपेला तो जवळपास नाहीसा झाला, आणि दोन खिळ्यांभोवती अंगठीएवढी सावली तेवढी राहिली. हे आम्ल विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसून घेतल्याशिवाय तेथे पुन्हा घासू नये, नाहीतर वाळलेले स्फटिक धुळीबरोबर नाकात जातात.

पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन डब्यात दुधासारखे दिसते आणि वाळल्यावर पारदर्शक होते. तेलावर आधारित पॉलियुरेथेनचा मधासारखा पिवळसर रंग त्याला येत नाही, आणि ज्यांना तो रंग प्रिय आहे त्यांना ही जमीन सुरुवातीला कोरडी वाटेल. मला तर लाकूड आहे तसे दिसते हेच भावले. वास सौम्य आहे आणि काही तासांत पुढचा हात देता येतो. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून त्यानंतर २२० नंबरच्या पेपरने हलके घासून, धूळ टिपून, पुढचे तीन हात दिले. डबा हलवायचा नाही, काठीने सावकाश ढवळायचा, नाहीतर बुडबुडे येतात. त्याचा दोष असा की ते फार लवकर सुकते. रोलरची ओली कड वाळण्याआधी शेजारचा पट्टा द्यावा लागतो, आणि दुसऱ्या हाताच्या वेळी फोन घ्यायला मी उठले, ती जोडाची रेघ खिडकीजवळ आजही दिसते. हात लावून कोरडे वाटले तरी पूर्ण कडक व्हायला त्याला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर गालिचा पसरू नये.

घासलेल्या धुळीविषयी एक गोष्ट डब्यावर ठळक असायला हवी होती. जुन्या वार्निशची धूळ पिशवीत साठून राहिली तर ती आपोआप तापून पेटू शकते, आणि तेलकट पॉलिशच्या चिंध्यांचेही तसेच. आम्ही प्रत्येक संध्याकाळी पिशवी घराबाहेर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करत होतो.

उंबरठ्याशी टाइल आणि लाकूड यांच्यात बोटभर नव्हे, पण काही मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवली, कारण लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आक्रसते. ती लवचिक सिलिकॉनने भरून वर नवी पट्टी बसवली. सहा महिन्यांनी पट्टी पुन्हा काढून पाहिली, तेव्हा फळीची कड कोरडी होती आणि खिळ्यांभोवतीच्या दोन सावल्या होत्या तेवढ्याच होत्या. पायपुसणे आता आम्ही दाराच्या आत, टाइलवर ठेवतो.