टाइप्स्ट, नऊ महिने: प्रश्नपत्रिका पास, शोधनिबंध परत

टाइप्स्ट म्हणजे मजकूर आणि सूत्रं लिहून दिली की त्यांची छापायला तयार पानं मांडणारं सॉफ्टवेअर. आधी त्याचा उच्चार. आमच्या स्टाफरूममध्ये त्याला टिप्स्ट म्हणतात, एकदा कुणीतरी टायपिस्टही म्हणालं. बनवणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला उच्चार टाइप्स्ट असा आहे.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. डिसेंबर २०२४ पासून प्रश्नपत्रिका, प्रॅक्टिकलचं मॅन्युअल आणि नोट्स सगळं यातच करतेय. त्याआधी बारा वर्षं लॅटेक, म्हणजे याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर, आणि तेही आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल व्हिडिओंवरून शिकलेलं. संगणकशास्त्रज्ञ कनूथ यांनी १९७८ मध्ये आणलेलं टेक आणि त्यावर लॅम्पोर्ट यांनी उभं केलेलं लॅटेक, यांच्यामुळेच माझा थीसिस नीट छापला गेला. तेव्हा लॅटेकला शिव्या घालायला मी बसलेली नाही.

पण आमची प्रश्नपत्रिका दोन भाषांत असते. वर इंग्रजी, खाली मराठी, मध्ये सूत्रं. जुन्या लॅपटॉपवर चाळीस पानांचं मॅन्युअल लॅटेकमध्ये एकदा फिरवायचं (लिहिलेल्याची पानं करून घ्यायची) म्हणजे चहाला उठायचं, आणि संदर्भांचे आकडे जुळावेत म्हणून ते पुन्हा एकदा फिरवायचं. टाइप्स्टमध्ये कानामात्रा बदलली की शेजारच्या खिडकीत पान लगेच बदललेलं दिसतं, कारण ते बदललेल्या भागापुरतंच काम पुन्हा करतं. बर्लिनच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा प्रकल्प २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. लॅटेकचा पूर्ण संच काही जीबींचा असतो, इथे एकच छोटी फाइल उतरवून काम सुरू. ब्राउझरमधलंही आहे, पण कॉलेजच्या वायफायवर माझा भरवसा नाही.

पहिल्याच दिवशी आपटले ती गतिज ऊर्जेवर. एकद्वितीयांश एमव्ही वर्ग. लॅटेकच्या सवयीने एम आणि व्ही चिकटवून लिहिले, तर ‘असं चल मला माहीत नाही’ म्हणून लाल रेघ. त्याच्या लेखी चिकटलेली अक्षरं म्हणजे एकाच चलाचं नाव. पण खाली सूचनाही होती: वेगवेगळी अक्षरं हवी असतील तर मध्ये जागा सोडा. बोट बरोबर चुकीवरच ठेवलेलं! लॅटेक सूत्राभोवतीचं डॉलरचं चिन्ह हरवलं म्हणून ओरडायचं आणि ते सापडायचं भलत्याच ओळीत. अपूर्णांकांचं तर मला कौतुकच वाटतं. कंसात बेरीज, मग तिरपी रेघ, मग छेद, एवढं लिहिलं की पानावर अंश वर, छेद खाली आणि कंस आपोआप गायब. लॅटेकसारखी महिरपी कंसांची माळ ओवत बसायला नको.

आता मराठी, कारण माझं खरं काम तेच. सुरुवातीलाच भाषा मराठी सांगायची आणि फाँट स्वतः निवडायचा. मूळ फाँटात देवनागरी नाही, त्यामुळे काही सांगितलं नाही तर मशीनवर हाताला लागेल तो फाँट तो उचलतो. भाषा सांगितल्याचा फायदा डोळ्यांना दिसतो: ज्या फाँटमध्ये मराठी रूपं आहेत, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श येतात, हिंदी वळणाचे येत नाहीत. शासनाने २००९ च्या निर्णयात हीच रूपं ठरवून दिली आहेत, पण आपल्या कित्येक छापील पेपरांत अजून दुसरीच दिसतात. मी ‘मुक्त’ नावाचा फाँट वापरते, तो मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाचा आहे.

प्रश्नांच्या क्रमांकाचा नमुना म्हणून ‘१.’ लिहिलं की पुढचे २, ३, ४ देवनागरीतच येतात. उपप्रश्नांचे अ, ब, क, ड मात्र येत नाहीत. त्यासाठी अक्षरांची यादी देऊन चार ओळींचं फंक्शन लिहावं लागलं. ते जमलं. सूत्राच्या आत मराठी शब्द घातला की फाँट बदलतो, हे दुखणं मात्र शोधता शोधता एक रविवार गेला. गणितासाठी वेगळा फाँट चालतो, त्याच्या जोडीला देवनागरीचं नावही द्यावं लागतं.

फेब्रुवारीत ०.१३ आवृत्ती आली आणि मी काही न वाचता चढवली. अनुक्रमणिकेची मांडणी बदलणारे माझे नियम मोडले, आणि दुसऱ्या दिवशी मॅन्युअल झेरॉक्सला द्यायचं होतं. त्याच आवृत्तीत पहिल्या परिच्छेदालाही आत सरकवायची सोय आली, मराठी पुस्तकांसारखी. ती मला हवीच होती, पण त्या रात्री कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. सर्किटच्या आकृत्या अजून लॅटेकमध्येच काढते. टाइप्स्टमध्ये आकृत्या काढायच्या सेट्झ या जोड-संचावर माझा हात बसलेला नाही, आणि ०.१३ मध्ये पीडीएफ चित्र म्हणून लावता येत नव्हतं, आधी त्याचं एसव्हीजी या चित्राच्या प्रकारात रूपांतर करावं लागायचं.

सगळ्यात मोठा फटका शोधनिबंधाचा. उत्साहात अख्खा निबंध टाइप्स्टमध्ये लिहिला. नियतकालिकाने परत पाठवला: लॅटेक किंवा वर्डची मूळ फाइल द्या. त्यांची चूक नाही, नियमावलीत लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. पॅनडॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने तो लॅटेकमध्ये उतरवला. सूत्रं बऱ्यापैकी आली, तक्ते विस्कटले, दोन संध्याकाळी गेल्या. लॅटेकसाठी केलेली संदर्भांची बिबटेक यादी टाइप्स्ट जशीच्या तशी वाचतं, म्हणून ती मी मुळातच बदलली नव्हती. तेवढीच वाचले.

आमचे गणिताचे सर विचारत होते, वर्ड सोडून थेट इकडे येऊ का? मी म्हटलं, सर, जे तुमच्या हातून थेट झेरॉक्स मशीनवर जातं ते सगळं आणा. जे दुसऱ्या कुणाच्या छापखान्यात जायचंय, ते त्यांना विचारून.

माझा पुढचा निबंध लॅटेकमध्येच सुरू आहे. मॅन्युअल टाइप्स्टमध्येच राहील. फक्त ज्या आवृत्तीवर ते चालतं, तिची फाइल पेनड्राइव्हवर बाजूला काढून ठेवली आहे.