प्रकल्पासाठी अस्वल घ्यावं की शैवाक?

रानाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडी प्रकल्पाचा विषय म्हणून आधी अस्वलच येतं. खोडावरचं शैवाक, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद, कुणाला आठवत नाही. पण हातात एकच सत्र असेल, तर माझं मत शैवाकाला.

अस्वल मेळघाटात आहे, ताडोब्यात आहे, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातही आहे. दिसेल याचा मात्र भरवसा नाही. त्यामुळे अभ्यास मुख्यतः खुणांवर: उकरलेली वारुळं, खोडावरचे ओरखडे, विष्ठा. विष्ठा फार बोलकी असते. धुऊन चाळली की बोरांच्या आठळ्या, बहाव्याच्या बिया, वाळवीची डोकी वेगळी निघतात. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसल्याने अस्वल त्या फटीतून वाळवी ओढून घेतं, म्हणून डोकी एवढी सापडतात. अडचण आहे ती परवानगीची. प्राणी १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, त्यामुळे वनखात्याचा कागद हातात पडेपर्यंत अस्वलाच्या आवडीच्या मोहाचा हंगाम उलटून जाऊ शकतो. शिवाय अस्वल अचानक समोर आलं तर अंगावर येतं. पहाटे मोह वेचायला जाणाऱ्यांना विचारा. एकट्यानं जायचंच नाही.

शैवाक जागचं हलत नाही. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, तेव्हा वाढ मोजायच्या भानगडीत पडू नका. तुलना करा: हमरस्त्याकडेचे आंबे आणि आतल्या वाडीतले आंबे. झाड एकाच जातीचं, घेरही साधारण सारखा हवा, कारण सालीचा आम्लपणा बदलला की शैवाकंही बदलतात. खोडाच्या चारही दिशांना १० सेंमीचे पाच-पाच चौकोन एकाखाली एक लावा आणि कोणती जात किती चौकोनांत आहे ते टिपा. हवेतल्या प्रदूषणाचा परिणाम शैवाकांवर चटकन होतो, हे १९व्या शतकापासून माहीत आहे.

खरी डोकेदुखी ओळख पटवण्याची. दहापट भिंगाखाली पानासारखी शैवाकं लागतात हाती. सालीला चिकटलेली, काळ्या रेघोट्यांची मात्र छळतात. कॉस्टिक पोटॅशचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा) थेंब टाकला की काही जाती आधी पिवळ्या, मग लालभडक होतात. तेवढ्यानं भागलं नाही तर बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. पुण्याच्या आघारकर संस्थेत या विषयाचं जुनं काम आहे, तिथे विचारून पाहा.

खर्चात तुलनाच नको, शैवाक कितीतरी स्वस्त.

मार्गदर्शकांकडे परवानगी आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आधीच असतील, तर मात्र खुशाल अस्वल घ्या. विष्ठा चाळायचं काम मागून घ्या. ते सहसा कुणाला नको असतं.