मामा तलावाच्या पाळीवरची खानावळ

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमच्या मामा तलावाच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावाच्या) पाळीवर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया खानावळ चालवतात. मरळीचा रस्सा, भात, कांदा, १५० रुपये. रस्सा जवस वाटून केलेला, मासा त्याच सकाळचा. मीठ जरा जास्त होतं. सावली कमी, दुपारी ऊन लागतं.

पण मी जातो तलावासाठी. माझ्या लहानपणी इथं कमळं अन् देवधान, म्हणजे पाण्यातला रानटी भात, होतं. मग बेशरम नावाचं परदेशी झुडूप माजलं, गाळ भरला, देशी मासे दिसेनासे झाले. या बायांनी भर उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणली. तिची कांडी ओलीत पडली तरी पुन्हा फुटते, म्हणून सगळी बाहेर नेऊन वाळवली. मग काठाची माती नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या. वाढणाऱ्या मावशीला विचारलं, "मजुरी भेटली का?"

"मजुरी कायची बाप्पा! आमची माय याच पान्यावर जगली."

जेवताना समोर कमळपक्षी पानांवरून चालत होता. किती वर्षांनी पाहिला!

पावसाळ्यात मरळ अंड्यावर असते, तेव्हा त्या पकडत नाहीत. त्या दिवसांत वरण-भातच मिळेल, विचारून जा.