सलाइन, इंजेक्शन की गोळी : कोकणात राहून कोलायटिसचे पुढचे औषध निवडताना

मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या सुरुवातीच्या औषधाने भागत नाही, आणि स्टिरॉइडचा डोस कमी करताच शौचावाटे रक्त जाणे पुन्हा सुरू होते, अशा टप्प्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण असलेले, बरेच रुग्ण येऊन पोहोचतात. स्टिरॉइड भडका शमवते, पण हाडे, रक्तातील साखर आणि डोळे यांवर होणारे त्याचे परिणाम पाहता ते वर्षानुवर्षे घेण्याचे औषध नव्हे. पुढच्या औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅबची सलाइन, अडालिमुमॅबचे इंजेक्शन आणि टोफासिटिनिबची गोळी या तिघांचा विचार येथे केला आहे. औषध डॉक्टरच ठरवतील, परंतु घर देवगडला आहे की दापोलीला, ही माहिती त्यांना रुग्णानेच द्यावयाची असते.

त्याआधी निदान पक्के हवे. क्रोन्स (कोलायटिसशी नाते असलेला, पण पचनमार्गात कुठेही सूज आणणारा आजार) आणि आतड्याचा क्षयरोग हे दोन्ही लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ जवळपास सारखेच दिसतात आणि उपचार मात्र परस्परविरोधी असतात. क्षयरोग असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर तो पसरतो. शरीरात सुप्त असलेला क्षयरोगही या तिन्ही औषधांनी जागा होऊ शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची क्षयरोग चाचणी केल्यावाचून यांपैकी काहीही सुरू करू नये.

इन्फ्लिक्सिमॅब हे या तिघांतील सर्वांत जुने. अमेरिकेत क्रोन्ससाठी त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आजार तीव्र असेल, रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल किंवा क्रोन्समुळे गुदद्वाराजवळ भगंदर झाले असेल, तर माझ्या मते बाकीची तुलना बाजूला ठेवून याचाच विचार आधी करावा. पहिल्या दिवशी, दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि मग दर आठ आठवड्यांनी सुमारे दोन तास सलाइन लावावी लागते. वेंगुर्ल्याच्या रुग्णाला गोवा जवळ आहे. देवगडच्या रुग्णाला कोल्हापूर गाठण्यासाठी घाट चढावा लागतो, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तारीख हुकते. ही हुकलेली तारीख किरकोळ नसते. दोन डोसांमधील अंतर वाढत गेले की शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते, पुढच्या सलाइनला रिअॅक्शन येण्याचा धोका वाढतो आणि चांगले लागू पडलेले औषध निकामी होऊ शकते. ‘गणपती उरकले की जाऊ’ हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब येथे महागात पडतो.

अडालिमुमॅब घरीच टोचून घेता येते. सुरुवातीला १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८० आणि नंतर सहसा दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम असा त्याचा क्रम असतो. २०१४ पासून भारतीय बनावटीचे अडालिमुमॅबही मिळते. अडचण फ्रीजची आहे. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि ते गोठता कामा नये. मूळ औषध फार तर २५ अंशांपर्यंत १४ दिवस बाहेर चालते, पण आपल्या किनाऱ्यावरचा मे महिना ही सवलत देत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली भागात अनेक दिवस वीज नव्हती, हे विसरून चालणार नाही. शिवाय कोलायटिसमध्ये त्याचा प्रभाव मध्यमच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका थेट तुलनेत ५२ आठवड्यांनंतर अडालिमुमॅब घेणाऱ्या २२.५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, तर वेडोलिझुमॅब हे दुसरे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१.३ टक्के होते. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतेच काम करत असल्याने त्यात संसर्गाची भीती कमी असते, पण त्याचीही सुरुवात सलाइननेच होते आणि खर्चही मोठा.

टोफासिटिनिबला ना घाट आडवा येतो ना फ्रीज लागतो. साधारणपणे आठ आठवडे १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा आणि त्यानंतर ५ मिलिग्रॅमची दोनदा घेतात. भारतीय जेनेरिकमुळे किंमतही बरीच उतरली आहे. मात्र क्रोन्सच्या चाचण्यांत ते सिद्ध झाले नाही, म्हणून हा पर्याय कोलायटिसपुरताच. नागीण होण्याचे प्रमाण यात वाढते. रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोग यांबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये कडक इशारा दिला. तो पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासातून आला असला, तरी वयस्कर आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णांनी तो आपल्याला लागू आहे असेच समजावे. मूल हवे असलेल्या स्त्रीने ही गोळी टाळावी. तिच्यासाठी पहिली दोन औषधे अधिक सुरक्षित मानली जातात.

तिशीतला, धूम्रपान न करणारा, मध्यम स्वरूपाचा कोलायटिस असलेला आणि मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणारा रुग्ण असेल, तर डॉक्टरांशी गोळीपासून बोलणे सुरू करावे, असे मला वाटते. कोणताही मार्ग धरला तरी लक्षणे थांबली एवढ्यावर समाधान मानू नये, कारण आतून सूज शिल्लक असू शकते. शौचाच्या नमुन्यातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारे प्रथिन) मोजून ती बरीचशी कळते आणि दर वेळी दुर्बिणीच्या तपासणीसाठी शहर गाठावे लागत नाही.